मुदतपूर्व परतफेड

ज्या बाईला स्वतःचा पगार कधी येईल हे सांगता येत नाही, तिने पोरांना पगाराचं नियोजन शिकवावं, यात कॉलेजात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. उलट प्राचार्य म्हणाले, "या विषयाला अनुभवी माणूसच हवा."

बाई वाणिज्य शाखेत तासांवर शिकवत होत्या. म्हणजे तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही, आणि घेतला तरी लगेच नाही. बिल कार्यालयात जायचं, तिथून वर जायचं, आणि वर गेलेली कुठलीही गोष्ट जशी सहजासहजी खाली येत नाही, तसंच तेही यायचं नाही. सुट्टी लागली की तास संपत, म्हणून बाईही संपत. कॉलेज उघडलं की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तोच प्रश्न: "याआधी कुठे शिकवलंय?" बाई म्हणत, "इथेच." विचारणारे मान डोलावत. दरवर्षी त्यांना ही माहिती नवीनच असे.

घरी नवरा पाणी शुद्ध करायची यंत्रं दारोदार विकायचा. तो म्हणायचा, "तुला पगार येतो की पगाराची अफवा येते?" स्वतःच्या कमिशनबद्दल मात्र त्याला विनोद सुचत नसत. मग महिनाअखेरीची फट बुजवायला वहिनी. भावाची बायको तशी मनाने चांगली, कधी नाही म्हणायची नाही. पण नोटा हातावर ठेवताना म्हणायची, "वन्सं, तुम्ही एवढं शिकलात, तरी..." आणि वाक्य तिथेच सोडून द्यायची. ते अर्धं वाक्य पुरं करत करत बाई घरी यायच्या.

अशात 'पैसा आणि मी' हा विषय आला. सगळ्या शाखांना सक्तीचा. त्याचा खर्च उचलला होता एका कर्ज देणाऱ्या कंपनीने. दुधावर पहारा बसवायचा खर्च मांजराने उचलावा तसा. विषयाचं पहिलं वर्ष सुरळीत पार पडलं तर कंपनी एक पूर्ण वेळेचं, कायम पदही कॉलेजला देणार होती. "पद तुमचंच समजा," प्राचार्य म्हणाले. समजायला पैसे पडत नसल्यामुळे बाई तसं समजल्या.

पण छापलेला अभ्यासक्रम यायला उशीर झाला आणि सुरुवातीचे तास बाईंनी आपल्या मनाने घेतले. पुढचं सगळं इथूनच बिघडलं. तरुण पोरं समोर, फळा मोकळा, वरून कोणाचं काही आलेलं नाही. बाईंना राहवलं नाही. त्यांनी जे खरं होतं ते सांगून टाकलं. "गरज नसताना कर्ज घ्यायचं नाही. गोड बोलून दिलं तरी नाही, स्वस्तात दिलं तरी नाही. घेतलं तर हातात पैसे येतील त्या दिवशी आधी ते फेडायचं आणि मग चहा प्यायचा." पोरांनी नेहमीसारखं वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

मग अभ्यासक्रम आला. त्यात प्रात्यक्षिक होतं. प्रत्येक विद्यार्थ्याने कंपनीचं अ‍ॅप घ्यायचं, त्यावरून छोटं कर्ज काढायचं, ते हप्त्याहप्त्याने फेडायचं. फेडण्याची शिस्त बघून अ‍ॅप आपोआप गुण देणार आणि ते गुण थेट निकालात येणार. मास्तरांनी फक्त सही करायची.

हे समजावून सांगायला कंपनीचा तरुण आला. पांढरे बूट, पायमोजे नाहीत, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याची साखर वाढावी.

"मॅम, पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावंच लागतं ना?"

"आणि पाणी तुमचंच," बाई म्हणाल्या.

"अगदी बरोबर!" तो मनापासून खूश झाला. "तुम्ही किती पटकन पकडता, मॅम."

पोरं धडाधड पाण्यात उतरली. वर्गात प्रात्यक्षिकाचे बूट दिसू लागले, प्रात्यक्षिकाचे इयरफोन दिसू लागले. एकाने प्रात्यक्षिकात मैत्रिणीला घड्याळ दिलं आणि प्रात्यक्षिक संपायच्या आत मैत्रीण गेली, हप्ते राहिले. ज्याला सगळे 'शेठ' म्हणत, त्याने दुसऱ्या अ‍ॅपवरून कर्ज काढून पहिलं फेडलं आणि तिसऱ्यावरून दुसरं. त्याचा एकही हप्ता चुकला नाही. अ‍ॅपच्या मते शेठइतका शिस्तीचा मुलगा त्या वर्गात दुसरा नव्हता.

एकाच नावापुढचा रकाना रिकामा राहिला. वर्गात तिला 'काकू' म्हणत. वय वीसच्या आतबाहेर, पण पिशवीत सुई-दोरा, डोकेदुखीची गोळी आणि जास्तीचं पेन, कँटीनला चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मी खाऊन आलेय." काकू चटकन आवडावी अशी मुलगी नव्हती. प्रश्न विचारताना उभी राहायची आणि उत्तर पटलं नाही तर बसायचीच नाही.

प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. कंपनीचा तरुण तिथे आधीच बसला होता.

"एका मुलीमुळे शंभर टक्के सहभाग होत नाहीये, मॅम," तो दुखावल्या आवाजात म्हणाला. "आमच्या वरच्या लोकांना आकडा पूर्ण लागतो. एक जरी राहिली की ते विचारतात, का राहिली? मग पदाचं वगैरे सगळंच..." त्याने वहिनीसारखं वाक्य सोडून दिलं.

"ती म्हणते, गरज नाही," बाई म्हणाल्या.

"गरज कोणाला असते हो?" प्राचार्य वैतागले. "प्रयोगशाळेत बेडूक कापतात, ते काय बेडकाला गरज असते म्हणून? सांगा तिला समजावून. तुमचं ऐकते ती."

तेच तर झालं होतं. ती ऐकत होती.

काकू तिच्या मावशीकडे राहायची. मावशीचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे वाफ. बाई गेल्या तेव्हा काकू कोटांच्या कॉलरला नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होती. मावशी मागे इस्त्री फिरवत होती आणि तिथूनच बोलत होती.

"या मॅडम. बसायला जागा नाही. तो ढीग सरकवा आणि टेका. ढीग धुतलेला आहे."

बाई टेकल्या. "अगं, तू प्रात्यक्षिक का करत नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, गरज नसताना घ्यायचं नाही."

"ते आयुष्यासाठी म्हणाले. हा अभ्यासक्रम आहे."

काकूने टाचणं थांबवलं. "म्हणजे दोन्ही वेगवेगळं आहे?"

"तिला उलट बोलायची सवय आहे," मावशी वाफेतून म्हणाली. "माझ्याशीही असंच. पण मॅडम, खरं सांगू? मीच म्हटलं नको. हिच्या दादाने असंच एक अ‍ॅप घेतलं होतं, गाडीसाठी. दोन हप्ते थकले तर त्या मेल्यांनी त्याच्या फोनमधल्या सगळ्यांना फोन लावले. माझ्या गिऱ्हाइकांना! डॉक्टरीणबाईंना फोन, 'तुमचा इस्त्रीवाला चोर आहे.' तेव्हापासून त्या कपडे दुसरीकडे टाकतात. रस्त्यात भेटल्या तर हसतात मात्र छान."

"ही कंपनी तशी नाही," बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांना आपल्याच आवाजात थोडी साखर लागली.

"आधी कुठलीच कंपनी तशी नसते," काकू म्हणाली.

"हे बघ, सक्तीचा विषय आहे. यात नापास झालीस तर तुझी फीमाफी जाईल. ती सगळ्या विषयांत पहिल्या झटक्यात पास होणाऱ्यालाच मिळते."

काकूला हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कोणी समोर बसून म्हणणं वेगळं.

"मग काय करू?"

इथे बाईंनी एक तोड काढली. हुशार माणसांना काढता येतात तसली, सगळ्यांचं समाधान करणारी. "तू फक्त घे. त्यातला पैसाही खर्च करू नकोस. घ्यायचं आणि जसंच्या तसं परत करायचं. कर्जही घेतलं, फेडलंही. काही अडलं तर मी आहे ना."

"तुम्ही आहात?"

"मी आहे."

"मॅडम आहेत म्हणतात," मावशी म्हणाली. "घे मग. पण माझा नंबर फोनमधून पुसून टाक आधी."

काकूने दुसऱ्या दिवशी अ‍ॅप घेतलं, कर्ज काढलं, पैसे खात्यात आलेले एकदा पाहिले आणि पहिला तास सुरू व्हायच्या आत सगळे परत करून टाकले. वर व्याजाची जी काही चिल्लर होती तीही. मग तिने कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला. तिला तिथे पाहून पोरांनी टाळ्या वाजवल्या. शंभर टक्के सहभाग झाला. प्राचार्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली. कंपनीच्या तरुणाने अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. बाईंना वाटलं, सुटलो. साप मेला आणि काठीही शाबूत.

निकालाच्या आधी अ‍ॅपचे गुण आले. शेठ पहिला. काकूला शून्य.

बाईंनी कंपनीच्या तरुणाला फोन लावला. "काहीतरी चुकलंय. तिने सगळे पैसे परत केलेत."

"हो ना मॅम, तोच प्रॉब्लेम आहे," तो सहानुभूतीने म्हणाला. "मुदतपूर्व परतफेड. सिस्टिमला तिची शिस्त दिसायलाच मिळाली नाही. हप्ताच नाही, तर वेळेवर भरला का हे कसं कळणार? शिवाय असे ग्राहक... म्हणजे असे विद्यार्थी... सिस्टिम त्यांना जरा बेभरवशाचे धरते."

"बेभरवशाचे? लगेच फेडणारे?"

"परत येतील याचा भरवसा नसतो ना, मॅम."

बाई प्राचार्यांकडे गेल्या. त्यांना नियम माहीत होता आणि प्राचार्यांनाही: प्रात्यक्षिकाचे गुण शेवटी शिक्षकाच्या सहीने लागतात, आणि शिक्षकाला वाटलं तर कारण लिहून बदलता येतात. प्राचार्यांनी पुस्तिका काढून तो नियम स्वतःच वाचून दाखवला. माणूस कायद्याने चालणारा होता.

"बदला की. तुमचा अधिकार आहे. फक्त कारणाच्या रकान्यात काय लिहिणार ते एकदा मला सांगा. 'विद्यार्थिनीने कर्ज फेडल्यामुळे अ‍ॅपने नापास केले', असं? ते कंपनीकडे जाणार. पदाच्या पत्रावर त्यांच्या साहेबांची सही याच आठवड्यात व्हायची आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी तुम्हाला काही सांगत नाही. तुम्ही स्वतः हा विषय शिकवता. नफा-तोटा तुम्हाला मी काय सांगणार?"

त्या संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला सांगितलं. तो यंत्राच्या जाळीतला गाळ ब्रशने काढत होता.

"एका विषयात नापास म्हणजे काय आभाळ कोसळत नाही," तो म्हणाला. "पुरवणी परीक्षा असते ना?"

"असते. फीमाफी जाते."

"फी काय, कोणीतरी भरेल. तू कायम झालीस तर तूच भर की तिची. उलट सोपं होईल." आणि गाळ बेसिनमध्ये झटकून म्हणाला, "आणि हे बघ, वहिनींकडे पुढच्या वेळीही तूच जाणार आहेस, मी नाही."

बाईंना त्यातलं 'तूच भर की तिची' फार पटलं. आज सही करायची, उद्या पगार सुरू झाला की मुलीची फी आपण भरायची. आजचं नुकसान उद्यावर टाकायचं आणि उद्या सवडीने फेडायचं. याला काय म्हणतात हे त्यांनी वर्षभर फळ्यावर लिहून शिकवलं होतं. पण फळा कॉलेजात होता आणि त्या घरी. अ‍ॅपच्या गुणांवर त्यांनी सही केली.

पदाचं पत्र आलं. वहिनीने पेढ्यांऐवजी अख्खं वाक्य दिलं: "वन्सं, बघा, शिकल्याचं चीज झालं." समारंभात शेठला ढाल मिळाली. ढाल घेऊन तो व्यासपीठावरून उतरला तेव्हा त्याचा फोन सारखा वाजत होता आणि तो सारखा कापत होता. लोकांना वाटलं, अभिनंदनाचे असतील.

काकू ओरडायला आली नाही. बाईंनी त्याची तयारी करून ठेवली होती. दोन-तीन वाक्यं, त्यातलं एक तर चांगलंच हळवं होतं. ती बरेच दिवस आलीच नाही. आली ती फी भरायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, दुपारी, शिक्षकांच्या खोलीत, हातात एक अर्ज घेऊन.

"मॅडम, सही हवी होती."

"ये ना, बस. अगं, मी तुझ्या फीचंच मनात—"

"फीचंच आहे," ती उभ्यानेच म्हणाली. "कार्यालयातले म्हणाले, फीसाठी कंपनीकडूनच कर्ज घे. पुरवणीचं प्रात्यक्षिकही त्यातच धरतील. हप्ते तीन वर्षांचे आहेत, म्हणजे या वेळी शिस्त दिसेल." हे टोमणा म्हणून होतं की माहिती म्हणून, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. "जामीनदार लागतो. कायम नोकरीचा. आमच्यात कोणीच नाही तसा. मावशी म्हणाली, मॅडम कायम झाल्यात, त्यांना विचार. त्या म्हणाल्या होत्या, मी आहे."

बाईंनी अर्ज घेतला. 'मी स्वखुशीने हमी देते की' इथपासून खालची ओळ रिकामी होती. नोकरी कायम होऊन अजून पहिला पगारही हातात पडला नव्हता. फी आपण भरू, असं त्या म्हणणार होत्या. पण फीचा आकडा अर्जावर छापलेला होता, आणि मनात धरलेल्या आकड्यापेक्षा तो बराच उंच निघाला. तो भरला तर वहिनीचं देणं राहतं. आणि सही केली तर तीन वर्षं. पोरगी प्रामाणिक आहे, प्रश्नच नाही. पण तिचा तो दादा? मावशीच्या दुकानाचं काय सांगावं? उद्या हप्ता थकला तर फोन कोणाला येतील? प्राचार्यांना. कायमपणाचं पहिलं वर्ष तसं कच्चंच असतं. जामीन राहणं म्हणजे दुसऱ्याचं कर्ज स्वतःचं समजणं, असं एक वाक्य त्यांच्याच टिपणांत होतं.

"घरी विचारून सांगते," बाई म्हणाल्या.

या बाईंनी लग्नानंतर एकही गोष्ट घरी विचारून केली नव्हती. समोरच्या टेबलावरच्या इतिहासाच्या सरांनीसुद्धा पेपर तपासता तपासता मान वर केली.

"बरं," काकू म्हणाली. अर्जाची घडी घातली आणि गेली.

घरी नवरा म्हणाला, "विचारतेस काय त्यात? कर ना सही. फीमाफी गेली पोरीची आपल्यामुळे." त्याने 'आपल्यामुळे' म्हटलं, 'तुझ्यामुळे' म्हटलं नाही, तेवढं त्याचं चांगलं होतं. बाईंना एकदम हलकं वाटलं. सकाळी त्या लवकर निघाल्या, पर्समध्ये चांगलं पेन टाकून.

काकू फीच्या खिडकीपाशीच भेटली. पावती घेऊन वळत होती.

"आण तो अर्ज," बाई म्हणाल्या. "घरी विचारलं. काही अडचण नाही."

"झालं मॅडम. आज सकाळीच झालं. जामीनदार नसला तरी देतात ते. फक्त व्याज थोडं वाढवून लावतात. मला माहीतच नव्हतं. काल उगाच तुम्हाला त्रास दिला." तिने हे अगदी सरळ म्हटलं. बाई तिच्या चेहऱ्यावर राग शोधत राहिल्या. मिळाला असता तर बरं झालं असतं.

"किती वाढवून?"

काकूने फोन पुढे केला. पडद्यावर हप्त्यांची रांग होती, वर कंपनीचा हसरा शिक्का. "मी एकदा स्वतः मांडून बघितलं, पण तुम्ही बघा ना. हप्ता बरोबर लावलाय का त्यांनी?"

मागे रांगेतली पोरं 'सरका, सरका' करत होती. बाई खिडकीपासून जरा बाजूला झाल्या. त्यांनी मुद्दल पाहिलं, दर पाहिला, मुदत पाहिली. जामीनदार असतानाचा दर कालच्या अर्जावर छापलेला होता, तो त्यांच्या लक्षात होता. दोन दरांतला फरक तीन वर्षांत कुठवर जातो ते मांडायला त्यांना कागद लागला नाही.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.